बारावीनंतर पोरं जातात कुठं?

वाशीम जिल्ह्यात १५ ते २९ या वयाची माणसं आज किती आहेत? युवा धोरणाची प्रगती मोजायची, तर पहिला प्रश्न हाच पडतो. प्रत्यक्ष मोजून मिळालेलं शेवटचं उत्तर २०११ च्या जनगणनेतलं आहे. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती आणि दर पाच माणसांतली चार खेड्यात राहत होती. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२१ साली देशात या वयाचे लोक २७.२ टक्के होते. तेच प्रमाण इथं लावलं, तर आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास जातो. पण हा झाला अंदाज. रिसोडहून पुण्याला गेलेली पोरं त्यात धरायची की नाहीत? मानोऱ्याच्या तांड्यावरून हंगामापुरती बाहेर पडणारी जोडपी कुठल्या जिल्ह्याची मानायची? अंदाजाच्या आकड्यात या प्रश्नांना जागाच नसते.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता ठरलेली शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. २०११ साली जी मुलं-मुली १५ ते २९ वर्षांची होती, ती २०२७ मध्ये ३१ ते ४५ वर्षांची असतील. त्यांच्यातला एकही जण तेव्हा धोरणाच्या व्याख्येत बसणार नाही. एक पूर्ण पिढी तरुण म्हणून मोजली गेली आणि पुन्हा मोजणी व्हायच्या आत तरुणपणातून बाहेरही पडली. त्यांच्यासाठी योजना आल्या, मेळावे झाले, प्रमाणपत्रं वाटली गेली. त्या सगळ्याचं फळ त्यांना काय मिळालं, हे आज जिल्ह्याच्या पातळीवर खात्रीनं सांगता येत नाही. या प्रकरणाचा विषय ही उणीव आहे.

आधी धोरणाकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून साजरं केलं आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, भारताचं पहिलं राष्ट्रीय युवा धोरण आलं. दुसरं आलं २००३ साली. त्यात तरुण कोणाला म्हणायचं याची मर्यादा १३ ते ३५ अशी बरीच सैल होती. २०१४ च्या तिसऱ्या धोरणानं ती १५ ते २९ वर आणली, पाच उद्दिष्टं ठरवली आणि शिक्षणापासून सामाजिक न्यायापर्यंत ११ प्राधान्यक्षेत्रं नेमून दिली. केंद्र सरकार तरुणांवर वर्षाला ९० हजार कोटींहून जास्त, म्हणजे दर तरुणामागे सुमारे २,७१० रुपये खर्च करतं, असा हिशेबही त्या दस्तऐवजात दिला आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो. एका तरुणामागे किती रुपये, असा भागाकार सरकारनं स्वतः मांडला की त्या रुपयांतून त्या एका तरुणाचं काय झालं, हे विचारायचा हक्क आपल्याला आपोआप मिळतो. पुढचा मसुदा २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. महाराष्ट्राचं स्वतःचं युवा धोरण २०१२ चं आहे.

दिल्ली-मुंबईत धोरण एका पुस्तिकेत मावतं. जिल्ह्यात उतरताना मात्र त्याचे तुकडे होतात. युवा महोत्सव, जिल्हा युवा पुरस्कार आणि १२ जानेवारीचा युवा दिन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे. रोजगार मेळावे आणि कौशल्य प्रशिक्षण जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे. आयटीआयचं खातं वेगळं. महाविद्यालयं आणि राष्ट्रीय सेवा योजना संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अखत्यारीत. किशोरवयीन मुलींचा रक्तक्षय आरोग्य विभाग आणि अंगणवाडीकडे. स्वयंरोजगाराचं कर्ज जिल्हा उद्योग केंद्र आणि बँकांकडे. प्रत्येक कार्यालय आपापलं काम करतं आणि आपापल्या प्रपत्रात माहिती वर पाठवतं: उद्दिष्ट अमुक, साध्य तमुक, टक्केवारी एवढी. जिथं काहीच नसेल तिथं ‘निरंक’. एकाच मुलीचं नाव चार प्रपत्रांत आलं, तरी ती एकच मुलगी आहे हे त्यांपैकी एकाही कार्यालयाला दिसत नाही.

हे कसं घडतं ते पाहण्यासाठी मालेगाव तालुक्यातला एक मुलगा कल्पनेनं डोळ्यांसमोर आणू. त्याच्या वाट्याला येणारी कागदपत्रं मात्र खरी आहेत. पहिलीत गेला तेव्हा त्याचं नाव शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत चढलं आणि पुढे सरल प्रणालीत आलं. शाळेत आहे तोवर तो नावानिशी सापडतो. आठवीतून नववीत गेला की नाही, शाळा बदलली का, सगळं दिसतं. दहावी-बारावीला अमरावती विभागीय मंडळाच्या यादीत त्याचा बैठक क्रमांक आहे. बारावी कला शाखेतून पास झाला आणि तालुक्याच्या आयटीआयत वायरमनला लागला. इथं नवा नोंदणी क्रमांक. आयटीआय संपल्यावर महास्वयम् संकेतस्थळावर नाव घातलं, हा आणखी एक क्रमांक. रोजगार मेळाव्याला गेला. मंडपातल्या टेबलावर मोबाइल नंबर लिहून सही केली, तीन कंपन्यांना बायोडेटा दिला, एका ठिकाणी ‘प्राथमिक निवड’ झाली. संध्याकाळी प्रेसनोट गेली, त्यात प्राथमिक निवड झालेल्यांची संख्या होती आणि त्या संख्येत हा एक होता. पगार ऐकून आणि राहायची सोय नाही म्हटल्यावर तो गेला नाही. ते कुठं लिहिलं गेलं? कुठंच नाही.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. १८ ते ३५ वयासाठी, सुरुवातीला सहा महिन्यांची: बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आपला वायरमन गावच्याच ग्रामपंचायतीत रुजू झाला. दर महिन्याला त्याची हजेरी ऑनलाइन चढली, विद्यावेतन बँकेत आलं. माझ्या मते ही चोख नोंद आहे. कोण, कुठं, किती दिवस, किती रुपये, सगळं स्पष्ट. पुढे राज्यभरच्या प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली आणि २०२५ मध्ये मुदत एकूण ११ महिन्यांची झाली. त्यांची मागणी कायम करण्याची होती. अकरा महिने संपले, हजेरी थांबली आणि त्याच दिवशी नोंदही थांबली. तो आता चाकणला ठेकेदाराकडे असेल, बापाबरोबर सोयाबीनची मळणी करत असेल किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावत असेल. सरकारच्या लेखी तो ‘लाभार्थी’ आहे आणि त्याचं खातं बंद झालं आहे.

मुलीची वाट याहून लवकर तुटते. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटीनं ती बारावीपर्यंत शाळेत जाते. या बसनं खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाला केवढा आधार दिला, हे ज्या गावांना ती लागते तिथल्या आयांना विचारावं. पण सवलत बारावीपर्यंतच. त्यानंतर वाशीमला किंवा कारंज्याला कॉलेजात जायचं, तर रोजचं भाडं आणि घरच्यांची काळजी आडवी येते. दोन-तीन वर्षांत लग्न होतं आणि ती शेजारच्या हिंगोलीत किंवा यवतमाळात नांदायला जाते. वाशीमच्या कुठल्याही तक्त्यात ती ‘गळती’ म्हणून दिसत नाही, कारण बारावी पूर्ण केलेली मुलगी शाळेच्या हिशेबात यशस्वी ठरते. बेरोजगार म्हणूनही ती दिसत नाही, कारण ती काम शोधत नाही. देशाच्या श्रमबल पाहणीत २०२३-२४ साली १५ ते २९ वयातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के निघाला. काम मागणाऱ्यांतले किती जण रिकामे, याचा तो आकडा आहे. जिनं मागायचंच सोडून दिलं, ती त्या भागाकारात येत नाही. म्हणूनच शाश्वत विकास उद्दिष्टांत वेगळं माप ठेवलं गेलं: १५ ते २४ वयाचे जे शिक्षणात नाहीत, प्रशिक्षणात नाहीत आणि कामावरही नाहीत, अशांचं प्रमाण. युवा धोरणासाठी एकच आकडा निवडायला सांगितला, तर मी हाच निवडीन.

वाशीमला मोजमाप नवं नाही, आणि म्हणूनच हा जिल्हा या विषयासाठी महत्त्वाचा आहे. जुना वाशीम जिल्हा १९०५ साली मोडला आणि त्यातले तालुके अकोला-यवतमाळात विभागले गेले. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे घेतले: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, आणि वाशीम. देशभरातले ११२ जिल्हे, ४९ निर्देशक. नीती आयोगानं जिल्हा आज कुठं आहे यापेक्षा मागच्या महिन्याच्या तुलनेत किती पुढे सरकला, यावर क्रमवारी लावायला सुरुवात केली. मागास म्हणून कायम तळाला राहणाऱ्या जिल्ह्यांना ही पद्धत न्याय देते, कारण तिथं सुधारणेलाच गुण आहेत. आकडे जिल्ह्यानंच भरायचे असल्यामुळे पडताळणीसाठी टाटा ट्रस्ट्स आणि आयडीइनसाइट या संस्थांमार्फत घरोघरी पाहण्याही करून घेतल्या गेल्या. चांगल्या मोजमापाला लागणाऱ्या दोन गोष्टी इथं एकत्र आल्या: ठरावीक काळानं मोजणं आणि मोजलेलं दुसऱ्यानं तपासणं.

आता त्या ४९ निर्देशकांत तरुण कुठं आहे ते शोधा. आरोग्य व पोषणाला ३० टक्के भार, शिक्षणाला ३०, शेती व पाण्याला २०, पायाभूत सुविधांना १०. उरलेल्या १० मधले ५ आर्थिक समावेशनाला आणि ५ कौशल्य विकासाला. या पाच टक्क्यांत जिल्ह्यातल्या १५ ते २९ वयाच्या लोकांपैकी किती जणांना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यांतले किती कामाला लागले, शिकाऊ उमेदवारी किती जणांनी पूर्ण केली, वंचित गटांतल्या किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, असे प्रश्न विचारले आहेत. प्रश्न अगदी योग्य आहेत. पण शंभरातले पाच गुण ज्याला, त्याच्याकडे महिन्याच्या आढावा बैठकीत किती मिनिटं जाणार? ज्या बाळाचं वजन अंगणवाडीत काट्यावर घेतलं जातं, त्याच्यामागे सगळी यंत्रणा उभी राहते, आणि राहायलाच हवी. तेच बाळ अठरा वर्षांचं झालं की त्याची खबर घेणारी आशाताई नाही, अंगणवाडीताई नाही आणि काटाही नाही.

आणखी एक अडचण भागाकाराच्या खालच्या आकड्याची. ‘१५ ते २९ वयाच्या लोकांपैकी’ म्हणताना तो आकडा जुन्या जनगणनेवरूनच काढावा लागतो. श्रमबल पाहणीचे आकडे राज्यापर्यंत मिळायचे, जिल्ह्याचे नाहीत. जानेवारी २०२५ पासून त्या पाहणीची रचना बदलली, ती दर महिन्याला होऊ लागली आणि नमुना निवडताना बहुतेक ठिकाणी जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत युवा धोरणाच्या उपयोगी पडेल असा हा सगळ्यांत मोठा बदल आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी झाली. तोवर श्रीपेरुम्बुदूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्थेनं २०१० आणि २०१७ साली काढलेला युवा विकास निर्देशांक राज्यांची तुलना करत होता. राष्ट्रकुलाच्या २०२० च्या निर्देशांकात १८१ देशांत भारत १२२ वा होता, आणि सर्वांत वेगानं सुधारणाऱ्या पाच देशांतही त्याचं नाव होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण मंगरुळपीरच्या तहसीलदारानं किंवा प्राचार्यानं त्यावरून उद्या सकाळी काय करावं, ते कळत नाही.

केवळ संख्या गोळा करत राहिलं की काय होतं, याचा पुरावा नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी समोर ठेवला आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. तिच्या २०२२ पर्यंतच्या कामाचं लेखापरीक्षण संसदेत आलं. सुमारे ९६ लाख प्रशिक्षणार्थींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त जणांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना कोरा किंवा शून्यांनी भरलेला होता, काही ठिकाणी तर एकावर एक ‘१’ टाइप केलेले होते. अल्पमुदतीच्या आणि विशेष प्रकल्पांच्या प्रशिक्षणातून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ४१ टक्के कामाला लागले. मला यात सगळ्यात टोचलं ते खात्याचं. उद्दिष्ट मार्चच्या आत गाठायचं असतं, आणि भरणाऱ्याला ठाऊक असतं की वर एकूण संख्याच पाहिली जाते. अशा वेळी तो रकाना कोरा सोडतो किंवा काहीही टाइप करतो. त्याला दोष देण्याआधी हे पाहावं, की त्या रकान्याचा उपयोग त्याला कधी कुणी दाखवला होता का.

यावरचा उपाय परदेशातून आणावा लागेल असं नाही, पण बाहेरचं एक उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. २०१३ साली युरोपीय संघानं युवा हमी स्वीकारली: शिक्षण सुटल्यापासून किंवा काम गेल्यापासून चार महिन्यांत प्रत्येक तरुणाला नोकरी, शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षणाची संधी द्यायची. तिच्या देखरेखीचे प्रश्न साधे आहेत. चार महिन्यांनंतरही किती जण वाट पाहत आहेत? आणि जे योजनेतून बाहेर पडले, ते ६, १२ आणि १८ महिन्यांनी कुठं आहेत? आपल्याकडे दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या नियमांतही कामाला लागलेल्या उमेदवाराची वर्षभर विचारपूस ठेवलेली आहे. म्हणजे कल्पना आपल्या कागदात आहेच. ती एका योजनेपुरती आहे, सगळ्या तरुणांपुरती नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव तर त्याहून जुना. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना आधी तासगावात अजमावली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. त्या योजनेचा कणा म्हणजे हजेरीपट. मजुराचं नाव, कामाचं ठिकाण, दिवस, मजुरी. त्यात खोटी नावं घुसली हे खरं, पण ती पकडली गेली तीही त्याच हजेरीपटामुळे, कारण नाव वाचून दाखवलं की गावाला कळतं हा माणूस कामावर होता की नव्हता. पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात, कलम १७ मध्ये, ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षण आलं ते याच तत्त्वावर. कुठल्याही पोर्टलपेक्षा गावाची आठवण पक्की असते. अमक्याचा पोरगा पुण्याहून परत आलाय, तमक्याची पोरगी नर्सिंगला लागली, हे कट्ट्यावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

वाशीमसारख्या जिल्ह्यात यश कशाला म्हणायचं, हा प्रश्नही इथंच सोडवावा लागेल. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, वर्षाला १०० जागांचं. जिल्हा हा सोयाबीन, तूर आणि कापसाचा, मोठे कारखाने नाहीत. मालेगावचा वायरमन चाकणला नोकरीला लागला, तर तक्त्यात ‘साध्य’ वाढतं, आणि त्याच वेळी गावातला एक शिकलेला हात कमी होतो. दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतील: काम मिळालं का, आणि ते जिल्ह्यात की बाहेर. बाहेर जाणं वाईट असं मी म्हणत नाही. पण जिल्ह्याबाहेरच नोकऱ्या लागत असतील, तर प्रशिक्षणाबरोबर तिथं राहायची सोयही धोरणात यायला हवी. किती पोरं पहिल्या तीन महिन्यांत खोलीभाड्यापायी परत आली, हे माहीत असेल तरच ती सोय मागता येईल.

ही नोंद ठेवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर त्यांच्या नेमात आहेच. शिबिरात गाव झाडतात, शोषखड्डे खणतात, ती कामं चांगलीच आहेत. त्याच सात दिवसांतल्या दोन संध्याकाळी घरोघरी जाऊन त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: घरातलं १५ ते २९ वयाचं माणूस सध्या काय करतं, शेवटची कुठली सरकारी योजना किंवा प्रशिक्षण घेतलं होतं, आणि त्यातून काय झालं. विचारणाराही त्याच वयाचा असल्यानं उत्तर खरं मिळण्याची शक्यता जास्त. त्यातून तयार होणारी यादी कुणाचं खासगी उघड न करता फक्त गावाच्या बेरजेत मांडायची. मुलीचं लग्न किंवा पोराचं कर्ज चारचौघांत वाचायचं काहीच कारण नाही. वाचायच्या त्या बेरजा: शिकणारे इतके, कामावर इतके, त्यांतले जिल्ह्याबाहेर इतके, प्रशिक्षण घेऊन घरी बसलेले इतके, आणि या शेवटच्यांत मुली किती.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी ग्रामसभा होतात. जानेवारीच्या सभेत त्या बेरजा वाचल्या, तर मार्चअखेरचा खर्च टाकायच्या आधी दोन महिने हाताशी राहतात. मेच्या सभेत बारावीच्या निकालाची वाट पाहणारी पोरं गावातच असतात. आणि पंधरा ऑगस्टपर्यंत प्रवेश आटोपलेले असतात, तेव्हा कोण कुठं पोचलं आणि कोण थांबलं, ते नुकतंच घडलेलं असतं.